डाव्या हाताचा परिच्छेद

निलेश, तुझ्या आवाजाच्या नऊ फायली माझ्या लॅपटॉपवर आहेत. सगळ्या मिळून चौदा मिनिटं. तुला जाऊन आज तीन आठवडे झाले आणि एवढ्या दिवसांत मी एकटीने त्यातली एकच फाईल पूर्ण ऐकली आहे. बाकीच्यांचं फक्त दर्शन घेते. सकाळी कामाला बसायच्या आधी फोल्डर उघडायचं, नऊच्या नऊ जागेवर आहेत ना बघायचं, आणि बंद करायचं.

मला रडू आलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तू पहिलं तेच विचारलं असतंस. "केतके, रडलीस का गं?" आणि मी नाही म्हटल्यावर उगाच दुखावल्यासारखा चेहरा केला असतास. आईला माझी काळजी वाटते. रोज संध्याकाळी ती काहीतरी आवरायचं निमित्त काढून माझ्या खोलीत येते आणि माझ्या तोंडाकडे बघते. मी जेवते, झोपते, ऑफिसच्या ट्रेनिंग व्हिडिओंना सबटायटल टाकते. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, हात लावला तर लागतो पण आपला वाटत नाही, तसं सगळं चाललंय. चार दिवसांच्या तापाने माणूस जातो हे मला समजलं आहे. ते फक्त अजून आत पोचलेलं नाही.

तर आपला निबंध. मी सगळ्यांना सांगत फिरायचे की आम्ही आमच्या आवडत्या सिनेमावर व्हिडिओ एसे करतोय, आणि तू मागून म्हणायचास, "चौथीत 'माझा आवडता प्राणी' लिहायचो ना, तसंच. गाय गेली, पिक्चर आला." आठ महिने आपण तो आखत होतो. नऊ परिच्छेद, लिहिणार मी, बोलणार तू. कारण माझा आवाज तुझ्या मते कर्ज हवंय का विचारणाऱ्या बाईसारखा आहे. मी लिहिलेलं प्रत्येक पान तू डाव्या हाताने तपासायचास, पेनाची शाई हाताखालून फराटत जायची आणि माझी सगळी विशेषणं त्यात मरायची. "इथे 'विलक्षण' लिहिलंयस. कशाला? शॉट दाखव ना, लोकांना दिसेल." तेव्हा मी चिडायचे. आता ती पानं वाचते तेव्हा कळतं की जे काही बरं उरलंय ते तुझ्या फराट्यांमधून उरलंय.

आणि सिनेमा तरी कसला निवडलेला आपण. जुना, काळापांढरा, जेमतेम दीड तासाचा. खाडीकाठच्या गावातली एक नवी सून, नवरा बोटीवर कामाला गेलेला, आणि तिचा सकाळपासून दिवेलागणीपर्यंतचा एक दिवस. संपलं. कॉलेजच्या फिल्म क्लबमध्ये मी कोणाला तरी या सिनेमाचं कौतुक ऐकवत होते आणि मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "तो जेवणाचा सीन?" तेवढ्यावर आपली दोस्ती झाली. मी वर्तकनगरची, तू कोलशेतच्या कोळीवाड्यातला. तुझी आय वर्षानुवर्षं आमच्याच बाजारात मासळी घेऊन बसायची, आणि आमच्या घरात मासे शिजत नसल्यामुळे मी त्या रांगेत कधी पाऊलही टाकलेलं नव्हतं.

तो जेवणाचा सीन. घरातल्या सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर ती सून चुलीपाशी एकटी बसते. कॅमेरा हलत नाही. तीन मिनिटं ती जेवते, डाव्या हाताने. सासू मागून दोनदा जाते, एकदा थांबून बघते, आणि काही न बोलता निघून जाते.

तू डावखुरा. लिहिणं डाव्याने, माउस डाव्याने, चहाचा ग्लास डाव्याने. जेवण मात्र उजव्या हाताने, कारण लहानपणी आय जेवताना तुझा डावा हात जुन्या लुगड्याच्या पट्टीने पाठीशी बांधायची. हे तू मला कोलशेतच्या जेट्टीवर वडापाव खाताना सांगितलंस, वडापाव उजव्या हातात धरून. "तिचा राग नाय येत गं," म्हणालास, "आमचा आजा ताटावरून उठून जायचा. मग ती तरी काय करणार." आणि हसून पुढे म्हणालास, "पण तो सीन बघितला ना, तेव्हा वाटलं, हिचा हात कोणी बांधला नाय यार."

यावर तुला एक अख्खा परिच्छेद हवा होता. चौथा. दिग्दर्शकाने तिला मुद्दाम डावखुरी केलंय, आणि तिला कोणी टोकत नाही हीच या सिनेमातली सगळ्यात मोठी बातमी आहे, असा तुझा मुद्दा. मला तो परिच्छेद नको होता. मला विश्लेषण करायचं होतं, शॉटची लांबी, प्रकाश, आवाज. मला वाटायचं, मध्येच तुझं बालपण आलं तर लोक म्हणतील, हे काय कौटुंबिक सुरू झालं.

शीळफाट्याचं भांडण तुला आठवत असेल. मला तर आता दुसरं काही आठवतच नाही. डोंबिवलीच्या काकांकडून येत होतो आपण, तुझ्या स्कूटरवर. काका म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले, घरात जुन्या सिनेमांचं कपाट असलेले, आणि ज्यांनी आपल्याला दोन तास बसवून पोहे खायला घातले ते. आपल्याकडची प्रत नेटवरून उतरवलेली, सुरुवातीची नावं कापलेली, चेहऱ्यांवर मुंग्या चालल्यासारखी. चांगली प्रत मिळेल का विचारायला मीच तुला ओढून नेलेलं. तू म्हणत होतास, "हीच बरी आहे, हिच्यावर जीव बसलाय." काका म्हणाले, शोधतो, थोडे दिवस द्या. परतताना फाट्यावर ट्रकांच्या मध्ये अर्धा तास अडकलो. तू हेल्मेटमधून मागे वळून पुन्हा चौथ्या परिच्छेदाचं काढलंस. आणि मी, उन्हाने डोकं उठलेली मी, म्हणाले, "निलेश, तुझ्या डाव्या हाताचं कोणाला काय पडलंय?"

तू मान पुढे वळवलीस. सिग्नल सुटला. वर्तकनगरच्या नाक्यावर मला सोडलंस, हेल्मेट घेतलंस आणि म्हणालास, "चल, बोलू." पाच दिवस आपण एकमेकांना फक्त कामाचे मेसेज केले. सहाव्या दिवशी तुझा मेसेज आला, चौथा केलाय रेकॉर्ड, ऐक आणि मग शिव्या घाल. मी लिहिलं, उद्या ऐकते. त्या उद्याला तुला ताप आला.

मी फाईल ऐकली नाही. तू हॉस्पिटलमध्ये असताना ऐकली नाही, कारण तू बरा होऊन येशील आणि मग तुझ्यासमोरच ऐकून शिव्या घालीन असं ठरवलेलं. नंतर ऐकली नाही, कारण नंतर.

तू गेल्यावर नवव्या दिवशी काकांचा फोन आला. त्यांना कोणी कळवलेलं नव्हतं. "अगं, मिळाली तुमची प्रत. अगदी स्वच्छ आहे. तुझ्या मित्राला सांग, पोहे पुन्हा करतो." मी सांगितलं. त्यांनी तापाचं, हॉस्पिटलचं सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, "तरीही घेऊन जा. त्याच्यासाठीच शोधली होती." मी रिक्षा, बस असं करत गेले, पेन ड्राइव्ह घेतला, पोहे खाल्ले. काका काकूंना आत जाऊन म्हणाले, "पोरगी फारच शांत आहे." मला ते ऐकू आलं आणि तेही दुसऱ्या कोणाबद्दल असावं तसं वाटलं.

आता ऐक. घरी येऊन मी प्रत लावली. स्वच्छ, खरंच, खाडीच्या पाण्यावरचा तवंगसुद्धा दिसतो. पण काहीतरी चुकतंय असं वाटत होतं. आपल्या घरात कोणीतरी सामान हलवून ठेवलंय तसं. दार दुसऱ्या बाजूला, चूल दुसऱ्या बाजूला. मला वाटलं काकांच्या प्रतीत घोळ आहे. मग सरळ जेवणाचा सीन लावला. ती चुलीपाशी बसली, ताट पुढे ओढलं, आणि उजव्या हाताने जेवली.

मी सुरुवातीला गेले. आपल्या प्रतीत कापलेली नावं इथे होती, मराठी अक्षरं, सुलट, वाचता येणारी. म्हणजे काकांची प्रत बरोबर होती आणि आपली उलटी. आरशात दिसतं तशी. नेटवर चोरून चढवलेला सिनेमा पकडला जाऊ नये म्हणून लोक अख्खं चित्र उजवं-डावं फिरवून टाकतात. निलेश, मला ही युक्ती माहीत होती. हे माझं काम आहे, मी दिवसभर व्हिडिओंमध्ये असते. आठ महिने एकेक शॉट सेकंदांत मोजणारे आपण दोघं दीडशहाणे, आणि आपल्याला हे दिसलं नाही. सिनेमात एक पाटी नाही की घड्याळ नाही, पत्र येतं ते पोस्टमन वाचून दाखवतो, कागद दिसत नाही. पण म्हणून काय झालं. मी आपली जुनी प्रत पुन्हा लावून पाहिली. सासरा डावखुरा, पोस्टमन डावखुरा, जाळं विणणारा म्हातारा डावखुरा. अख्खं गाव डावखुरं होतं आणि आपण एकटीकडे बघत बसलो.

मला हसू आलं. तू गेल्यापासून पहिल्यांदा काहीतरी आलं, ते हसू होतं. तू जमिनीवर लोळला असतास. आणि लगेच कळलं की तुला हे सांगायचं नाहीच आहे मला. तू नाहीस म्हणून नव्हे. असतास तरी मला सांगायचं नव्हतं.

त्या दुपारी मी चौथी फाईल ऐकली. दोन मिनिटं दहा सेकंद. सुरुवातीला तुझं ते खुर्ची सरकवणं, मग, "म्हणजे कसं, ही बाई डाव्या हाताने जेवते. तीन मिनिटं. आणि तिला कोणी काही बोलत नाही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्याही पुढ्यात ताट होतं. मी जेवायचा थांबलेलो. मला वाटलं, हे कोणीतरी माझ्यासाठी काढून ठेवलंय." आणि शेवटी, आवाज खाली आणून, "केतकी म्हणते हे कापायचं. कापू दे. पण केतके, एकदा ऐकून काप."

ऐकलं. आणि आता कापायलाच हवं होतं, कारण ते खोटं होतं. असा व्हिडिओ टाकला तर पहिल्या तासात कोणीतरी लिहिणार, अहो विद्वान, तुमची कॉपी फ्लिप आहे. तुझ्या आयुष्यातल्या सगळ्यात खऱ्या दोन मिनिटांवर लोक हसणार. आणि कापलं तर शीळफाट्यावर मी जे बोलले तेच शेवटी खरं करून दाखवलं असं होणार.

ऑफिसातल्या तन्मयला मी फक्त अडचण म्हणून सांगितलं. तो मदतीच्या भावनेने म्हणाला, "चौदा मिनिटांचा आवाज आहे ना? मग सोप्पं आहे. आपण सॉफ्टवेअरने त्याच्या आवाजात दुरुस्त वाक्य तयार करू. कोणाला कळणारपण नाही." मी हो म्हणाले. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत होते. त्याने जेवणाच्या सुट्टीत करून पाठवलंसुद्धा. तुझा आवाज म्हणाला, "ती उजव्या हाताने जेवते." अगदी तुझाच. फक्त आधी "म्हणजे कसं" नव्हतं आणि मध्ये कुठे श्वास नव्हता. जे वाक्य तू जन्मात बोलला नसतास ते तुझ्या तोंडी मी घातलेलं. पट्टी बांधण्यापेक्षा वेगळं काय होतं ते? मी ती फाईल काढून टाकली. तन्मयला कळवलं की नीट जमलंय, थँक्स. त्याला काय सांगायचं.

मग मावशीचा फोन आला. तुझी आय. मी तिला अजून मावशीच म्हणते. "त्यो काय करत व्हता तुज्याबरोबर, त्ये मना दाखव," म्हणाली. मी टाळाटाळ केली, अजून पूर्ण नाही झालं म्हणाले. "नसू दे. त्याचा आवाज हाय ना त्यात?"

रविवारी दुपारी मी कोलशेतला गेले. तुझी स्कूटर दारात होती, तिच्यावर कोणीतरी टॉवेल वाळत घातलेला. मावशी अजून बाजारात बसायला लागलेली नाही. तिने मला पाणी दिलं, जेवलीस का विचारलं, आणि पदराला हात पुसून माझ्याशेजारी जमिनीवर बसली. मी ठरवून गेले होते की चौथा परिच्छेद वगळून दाखवायचा. पहिले तीन लावले. तुझा आवाज सुरू झाल्यावर ती स्क्रीनकडे न बघता लॅपटॉपच्या कडेकडे बघत राहिली, जिथून आवाज येतो तिथे. तिसरा संपल्यावर मी पाचव्यावर जायला लागले, तर म्हणाली, "आनि त्यो जेवायचा?"

मी ट्रॅकपॅडवरून हात काढला.

"मना दावलाय त्याने त्यो पिक्चर. दोन वर्सं झाली. हितंच बसून. म्हनला, आय, बग, ही डाव्या हातानं जेवते आनि हिला कोन बोलत नाय."

हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. मग मला राहवलं नाही. मी म्हणाले, "मावशी, एक चूक झालीय आमची. ती बाई डावखुरी नाहीये. आमच्याकडचा पिक्चर उलटा होता, आरशासारखा. मला आत्ता आत्ता कळलं. त्याला कळलंच नाही."

मावशीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी ती ताजं काय नि शिळं काय न कळणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहत असेल.

"मना तवाच कललं व्हतं," ती म्हणाली. "सगल्या बायांचा पदर उजव्या खांद्यावर. नथ पन उजवीकडं. आसं कोन नेसतं गो?"

मी वर्षातून दोनदा साडी नेसते, तीही फोनवर बघून. मला काय कळणार होतं. पण मी विचारलं, "मग त्याला सांगितलं का नाहीस?"

मावशी जरा वेळ फरशीवरचा नसलेला डाग पुसत राहिली. "त्यो येवढा खुश व्हता. मी त्याचा हात बांदलेला, लहान आसताना. रडायचा, तरी बांदायची. आनि त्यो मना म्हनतो, बग आय, हिला कोन बोलत नाय. मना वाटलं, आता तू तरी बोलू नको. मी म्हनलं, हां रे, डाव्याच हातानं जेवते. आनि त्या दिसापासून त्याचा तांब्या ताटाच्या उजवीकडं ठेवला, पानी प्यायला उजवा हात मोकला. त्यो बी काय नाय बोलला. जेवायला लागला डाव्या हातानं."

दोन वर्षं तू घरी डाव्या हाताने जेवत होतास. आमच्याकडे उजव्या. आणि चौथ्या परिच्छेदात तुला खरं तर हे सांगायचं होतं, बहुतेक. मी फाट्यावर तोंड उघडलं नसतं तर सांगितलंही असतंस. मला माफ कर, निलेश. मी हे तुझ्याशी भांडून, तुझ्याकडून एक टपली खाऊन म्हणायला हवं होतं, ते इथे म्हणतेय, तुझ्या घरात, तुझ्या आयशेजारी बसून, मनातल्या मनात.

तर निबंध असा होईल. सगळा आपल्या उलट्या प्रतीवरच, मुंग्यांसकट. पहिलं वाक्य माझ्या आवाजात, कर्जवालीच्या. आम्ही हा सिनेमा उलटा पाहिला आणि आम्हाला कळलं नाही, एका बाईला पहिल्या मिनिटात कळलं. मग तू. नऊच्या नऊ परिच्छेद. चौथ्यातला खुर्चीचा आवाजसुद्धा राहील, आणि ते "एकदा ऐकून काप"सुद्धा. हसू देत कोणाला हसायचं ते.

मावशी म्हणाली, "लाव ना मंग त्यो."

मी लावला. खुर्ची सरकली. तू म्हणालास, "म्हणजे कसं," आणि नेहमीसारखा थांबलास.

"हां, बोल," मावशी लॅपटॉपला म्हणाली.